बाटलीतलं गोडं पाणी

रुआबांधा, भिलाई
१२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रणितास मामाचा आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नको बाई. घरी सगळे बरे आहेत. म्हणजे जे राहिले ते. तुह्या मामीले जाऊन या सोळा तारखेले तीन महिने होतात.

फोन कावून नाही केला म्हणशील. मोबाईलवर माह्या बोटानं एक अक्षर दाबलं तर तीन उमटतात, अन् असल्या गोष्टी कागदावरच बऱ्या. काम असं आहे. आपल्या नीतूले शाळेत प्रोजेक्ट भेटलं आहे जेलीफिशवर. तू रत्नागिरीच्या कॉलेजात समुद्रातले प्राणीच शिकवते ना? तर मले समजावून सांग, ज्याले ना हाड, ना दात, ना डोळा, तो लिबलिबीत गोळा डंख मारते कसा? अन् मेलेला रेतीत पडला असला तरी मारते का? नीतूले सांगू नको, तिले एकदम वही बनवून द्यायची आहे.

उत्तर क्वार्टरवर पाठवू नको. इथला पोस्टमन पत्र गेटमधून फेकते अन् ते नालीत जाते. सुपेल्यात कवडूचं घड्याळाचं दुकान आहे, तुले माहीत आहे, तिथं पाठव.

सुमंतचं काय सांगू. आईच्या ईसीजीची चिठ्ठी अजून शर्टाच्या खिशात घेऊन फिरते. दहा नोव्हेंबरची तारीख भेटली होती. त्याले कुम्हारीच्या कंपनीत ओव्हरटाईम लागला, म्हणे पुरीहून आली की करू. आता म्हणते, मीच मारलं आईले. सून, नीरजा, शर्ट धुवायले घेते तर हा पहिले चिठ्ठी काढून दुसऱ्या शर्टात टाकते. कोण काय समजावणार?

तुहा मामा,
रामाजी

•

रत्नागिरी
२४ फेब्रुवारी २०२४

ती. रामाजीमामा,

साष्टांग नमस्कार. अहो, तुमचं पत्र मी कॉलेजात सगळ्यांना दाखवलं! आजकाल हाताने पत्र लिहिणारा मामा कुणाला आहे? कवडूकाकांच्या पत्त्याचं मात्र मला हसू आलं. नातीला सरप्राईज द्यायचं तर पोस्टमनला कशाला बदनाम करता?

आधी एक चूक सुधारते. डोळा नाही म्हणालात ना? पेटीसारख्या आकाराची एक जेलीफिश असते, तिला चोवीस डोळे असतात! डोकं मात्र नाही.

आता डंख. जेलीफिशच्या दोऱ्यांवर लाखो बारीक डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी. कुपीला झाकण, आणि आत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ नळी. तुम्ही प्लँटमधले, म्हणून तुम्हाला पटकन समजेल. त्या कुपीतला दाब भरलेल्या गॅस सिलिंडरएवढा असतो. बाहेर एक केसासारखा खटका. त्याला कातडी लागली की झाकण उडतं आणि नळी उलटी होऊन आत घुसते, विष सोडते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. एक कुपी एकदाच फुटते, मग जनावर तिच्या जागी नवी तयार करतं.

आणि हो, मेलेली जेलीफिशही डंख मारते. तुटलेला दोरासुद्धा. कारण खटका ज्याचा त्याचा आहे, वरून हुकूम यावा लागत नाही. नीतूला सांगा, आपल्या तळ्यांत हायड्रा नावाचा हिचा चुलतभाऊ राहतो. तळ्यातली शेवाळ काचेच्या बरणीत ठेवून भिंगातून बघा, दिसेल.

मामा, तुम्ही कशात तरी मन घातलंत, बरं वाटलं. एक विचारू? नोव्हेंबरात फोनवर विचारता आलं नाही. मामीने समुद्र पाहिला ना शेवटी? चाळीस वर्षं म्हणत होती. पाहून काय म्हणाली?

तुमची,
प्रणिता

•

रुआबांधा, भिलाई
६ मार्च २०२४

चि. प्रणितास आशीर्वाद.

तुहं पत्र चार वेळा वाचलं. कुपीची गोष्ट पक्की समजली. बरणीही ठेवली आहे खिडकीत. तळ्यातून शेवाळ आणली, तर नीरजा म्हणते बाबा मच्छर होतीन. तिसऱ्या दिवशी काचेले चिकटलेला दिसला एक, शिवायच्या धाग्याच्या तुकड्याएवढा. पाण्यातले किडे त्याले लागले की जागीच थिजतात. मी घंटा घंटा पाहत बसतो.

आता एक गोष्ट नीट सांग. डंख लागल्यावर काय करायचं? मी तर ब्लास्ट फर्नेसवर बत्तीस वर्षं फर्स्ट एडचा माणूस. आमचा एकच नियम होता, जळलं की गोडं पाणी, भरपूर, थांबायचं नाही. चौऱ्याण्णवमध्ये कवडूच्या हातावर गरम स्लॅग, भट्टीतला वितळलेला मळ, उडाला. तो लाथा मारून राहिला होता, सोडा म्हणून राहिला होता, मी त्याची मानगूट धरून नळाखाली अर्धा घंटा हात धरला. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं हात वाचला. त्याच हातानं तो आज घड्याळाचे काटे बसवते. मले त्याचं सर्टिफिकेट भेटलं, बैठकीत लागलं आहे, तू लहानपणी पाहिलं असशील.

तर जेलीफिशच्या डंखावर गोडं पाणी टाकलं तर काय होते? अन् दोरे चिकटले असतील ते गमछ्यानं घासून काढले तर? हे दोन्ही अलग अलग लिहिजो. प्रोजेक्टमध्ये लागते.

तुहा मामा,
रामाजी

•

रत्नागिरी
१५ मार्च २०२४

ती. मामा,

हायड्रा सापडला! माझे एमएस्सीचे विद्यार्थी महिनाभर शोधतात आणि तुम्हाला तिसऱ्या दिवशी? उगाच प्लँटमध्ये गेलात, आमच्याकडे यायला हवं होतं.

तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीतूला लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. गोडं पाणी अजिबात टाकायचं नाही! त्याच्यासारखी दुसरी चूक नाही. डंख लागतो तेव्हा सगळ्या कुप्या फुटत नाहीत. कितीतरी तशाच भरलेल्या, कातडीला चिकटून बसलेल्या असतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्या गप्प राहतात. त्यांच्यावर गोडं पाणी पडलं की त्या भसाभस फुटतात. हायड्राचं तसं होत नाही, तो गोड्या पाण्यातच जन्मलेला. घासणं तर त्याहून वाईट, प्रत्येक खटका दाबल्यासारखंच आहे ते.

करायचं ते असं. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरे चिमट्याने किंवा काडीने उचलायचे, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. व्हिनेगर काही जातींना चालतं, काहींना नाही. पण इथे पर्यटक येतात आणि हमखास बिसलेरीची बाटली ओततात. माणूस ओरडत असतो, नको नको, आणि शहाणे ओततच राहतात. इतका राग येतो ना मला!

मामीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर दिलं नाहीत. बरं, मन होईल तेव्हा लिहा.

तुमची,
प्रणिता

•

रत्नागिरी
९ जून २०२४

मामा,

एप्रिलमध्ये एक पत्र पाठवलं, मे मध्ये एक. उत्तर नाही. कवडूकाकांना फोन केला तर म्हणाले, "पत्रं देल्ली बाई, घेते अन् खिशात टाकते."

म्हणून काल नीतूला फोन केला. प्रोजेक्ट कसं झालं विचारलं. ती हसली. म्हणाली, "कौनसा प्रोजेक्ट आत्या? मी तर कॉमर्स घेतलं."

फोन ठेवला आणि तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली. मामा, मी किती मूर्ख आहे. तुम्ही पुरीहून आलात, मामी समुद्रावर गेली, आणि तुम्ही मला विचारताय गोडं पाणी टाकलं तर काय होतं. मी तुम्हाला लाल स्केचपेन सांगतेय! "शहाणे" लिहिलं मी. माझं मार्चचं पत्र आठवून मला रात्रभर झोप लागली नाही.

पुरीला काय झालं ते सांगा. काहीही असो. तीन ओळींची चिठ्ठी असली तरी चालेल, पण मला लिहा. नाहीतर मी गाडीत बसून तिकडे येते.

प्रणिता

•

रुआबांधा, भिलाई
२० जून २०२४

चि. प्रणिता,

येऊ नको. लिहितो.

तुही चूक नाही. तुले मी खोटं सांगितलं, तू खरं सांगितलं.

सोळा नोव्हेंबरले सकाळी आम्ही लॉजवरून पायीच समुद्रावर गेलो. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मी रेतीत चपला सांभाळत बसलो होतो. एकदम ओरडली. मले वाटलं काच लागली. बाहेर आणली तर दोन्ही पिंडऱ्यांवर काचेसारखे पारदर्शक दोरे, अन् खाली लाल वळ, चटका बसल्यावर येतात तसेच. मी ते पाहिलं अन् मले फक्त फर्नेस दिसली.

पिशवीत पाण्याची बाटली होती. पूर्ण ओतली. ती म्हणाली, "अजी, नका टाकू. पाण्यानं जास्त आग होऊन राहिली." ऐकतं का, प्रणिता? तिनं सांगितलं होतं. मी म्हटलं, "चूप राय. मले शिकवतं का? बत्तीस वर्षं हेच केलं." कवडूही तसाच ओरडला होता ना, म्हणून मले वाटलं, ओरडतेच माणूस. चहावाल्याची बाटली घेतली, तेही ओतलं. मग गमछ्यानं घासून दोरे काढले. ती माहा हात ढकलत होती. मी तिचा हात धरून ठेवला.

एक कोळी ओरडत पळत आला. त्याची भाषा मले समजत नव्हती. त्यानं माह्या हातची बाटली हिसकली, दूर फेकली अन् समुद्राचं पाणी आणून टाकायले लागला. त्याचं तोंड पाहून मले समजलं का माह्यापासून काहीतरी झालं. तोवर तिचा श्वास अटकायले लागला होता. ऑटोत माह्या मांडीवर डोकं होतं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले संपलं. पायावरचे वळ पाहून विचारलं, काय चावलं? मी म्हटलं, माहीत नाही. वय, बीपी, त्यांनी कागदावर हार्ट लिहिलं. सुमंत दुसऱ्या दिवशी पोहचला. तिथंच अग्नी देल्ला. पाय मी झाकून ठेवले होते, साडीनं, पुन्हा वरून चादरीनं.

हार्ट म्हटलं की सोपं वाटलं मले. तवा मले सुमंतच्या खिशातली चिठ्ठी माहीत नव्हती. घरी आल्यावर तो भिंतीवर डोकं आपटायले लागला, मीच मारलं म्हणून, तवा समजलं. तरी माह्या तोंडातून निघालं नाही. सात महिने झाले. तो जेवत नाही, झोपत नाही. मागच्या हप्त्यात कुम्हारीच्या हायवेवर ट्रकखाली येता येता वाचला. नीरजा म्हणते, हे मोटरसायकल चालवतात का झोपेत जातात समजत नाही.

तो बापाचं पाप उचलून फिरून राहिला अन् बाप पाहून राहिला. सांगितलं तर पोरगा माह्या तोंडाकडे पाहणार नाही. नाही सांगितलं तर पोरगाच राहणार नाही. तू शिकलेली आहेस. मले एवढंच सांग, मी मारलं का तिले?

रामाजी

•

रत्नागिरी
३० जून २०२४

मामा,

पत्र वाचलं आणि मी खूप रडले. मला तुमचा रागही आला, तोही सांगून टाकते. मामी नको म्हणत होती. मामी कधी कशाला नको म्हणणारी बाई नव्हती.

मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, पाण्याने काही होत नाही, तुम्ही विसरा. पण तुम्ही माझं मार्चचं पत्र जपून ठेवलं असणार, तुम्ही ते काढून पुन्हा वाचाल. म्हणून खरं तेच लिहिते.

पाण्याने आणि घासण्याने आग वाढली. आणखी कुप्या फुटल्या, आणखी विष गेलं. हे खरं आहे. पण पहिल्या स्पर्शातच हजारो कुप्या फुटल्या होत्या, दोन्ही पायांवर. काही जाती अशा आहेत की त्यांचं विष काही मिनिटांत छाती बंद पाडतं, मग कुणी पाणी ओतो वा न ओतो. मामीला ती कोणती लागली हे आता कुणालाच कळणार नाही. तुम्ही पाणी टाकलं नसतं तर मामी वाचली असती का? मला माहीत नाही. वाचली नसती असं छातीठोक सांगता आलं असतं तर मी पळत येऊन सांगितलं असतं. हे "माहीत नाही" तुम्हाला जन्मभर वागवावं लागेल. मी त्यात काही कमी करू शकत नाही.

पण सुमंतचं मला माहीत आहे. त्याच्या चिठ्ठीचा आणि मामीच्या जाण्याचा काहीही संबंध नाही. दहा तारखेला ईसीजी काढला असता आणि तो कितीही चांगला आला असता, तरी सोळा तारखेला मामी पाण्यात उतरलीच असती. हे मी तुम्हाला माझ्या नोकरीची शपथ घेऊन सांगते. ते त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? मी फोन उचलून सांगू शकते, मामा. आत्ता, या क्षणी. पण ते तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. आणि सांगाल तर पूर्ण सांगा. मामी नको म्हणाली होती, तेही.

प्रणिता

•

रुआबांधा, भिलाई
२५ ऑगस्ट २०२४

चि. प्रणितास आशीर्वाद.

उशीर झाला. सांगायले मलेच पंधरा दिवस लागले. रोज संध्याकाळी ठरवायचं, तो कुम्हारीहून यायचा, हातपाय धुवायचा, अन् मी टीव्ही लावायचा. मग एका रविवारी सकाळी नीरजा शर्ट धुवायले घेऊन गेली, अन् यानं चिठ्ठी काढली. घडीवरून फाटली होती. तो डिंक शोधून राहिला होता चिकटवायले. माह्यानं पाहवलं नाही. म्हटलं, सुमंत, बस इथं.

पूर्ण सांगितलं. तुही सगळी पत्रं त्याच्यासमोर ठेवली. तो वाचत गेला. मार्चचं वाचताना थांबला. मले वाटलं तो शिव्या देईन. त्यानं हळूच विचारलं, "आईनं मना केलं होतं?" मी म्हटलं हो. "फिर भी डाला आपने?" म्हटलं हो. रागावला का हा हिंदीत जाते, लहानपणापासून. तो उठला अन् गाडी घेऊन निघून गेला. नीरजा रडायले लागली. दिवसभर आम्ही दोघं हायवेचा विचार करत बसलो. अंधार पडता पडता आला.

अठरा दिवस माह्याशी बोलला नाही. माहं ताट नीरजा वेगळं आणून द्यायची. बैठकीतलं सर्टिफिकेट मी उतरवून ठेवलं, भिंतीवर चौकोन राहिला आहे. बरणीतलं पाणीही तळ्यात सोडून आलो. कवडूले सांगितलं तर तो त्या वाचलेल्या हाताची बाही वर करून बसला. पण प्रणिता, नीरजा सांगते, हे आता झोपतात. चिठ्ठी खिशात नाही. कपाटात आईच्या साड्यांमध्ये ठेवली आहे. दोन पोळ्या खाते. माह्याशी बोलत नाही, पण खाते. मी पडद्यामागून त्याच्या जेवणाचा आवाज ऐकत बसायचो.

एकोणिसाव्या दिवशी माह्या खाटेजवळ येऊन बसला. मले वाटलं आता म्हणते, बाबा, दुसरीकडं राहा. तो म्हणाला, "आईनं और क्या क्या बोला उस दिन? पहिल्यापासून सांगा."

तवा माह्या ध्यानात आलं. पायाचे वळ झाकायच्या नादात मी तिचा तो पूर्ण दिवस झाकून टाकला होता. गाडीतली रात्र, लॉजवरचा चहा, सगळंच. पोराले आईचा शेवटचा एक शब्दही देल्ला नव्हता. तुले नव्हता देल्ला, दोन वेळा विचारूनही.

आता तो रोज विचारते. मी गाडीत बसल्यापासून सांगतो. पाण्याच्या बाटलीपाशी येतो तर तो खाली पाहते, मी थांबतो, मग तो म्हणते, सांगा. तेही सांगतो. काही सोडत नाही. माफ केलं असं तो म्हणाला नाही, अन् मी मागितलंही नाही.

तू विचारलं होतं, मामी समुद्र पाहून काय म्हणाली. काल सुमंतनंही तेच विचारलं. तर लिहून ठेवतो. आधी किती वेळ नुसती आवाज ऐकत उभी राहिली. या क्वार्टरमध्ये चाळीस वर्षं तिनं प्लँटची घरघर ऐकली ना. मग मले म्हणते, "अजी, याची शिफ्ट सुटत नाही का?"

मी म्हटलं, "याले रिटायरमेंट नाही."

खळखळून हसली. मग चपला माह्यापाशी काढून ठेवल्या, साडी गुडघ्यापर्यंत उचलली अन् पाण्यात गेली.

तुहा मामा,
रामाजी